जेवणाच्या टेबलावरचा कचरा डेपो

साथीच्या वर्षांत मी युट्रेख्टमधल्या माझ्या जेवणाच्या टेबलावरून एका वाळवंटी गावाचा कचरा डेपो चालवला, आणि चांगला चालवला. हे आधीच सांगून टाकते, कारण विनय हा आमच्या घराण्यातला दागिना नाही. दागिने आमच्याकडे तसेही फारसे नव्हते.

माझी डच कंपनी लहानशी. आखातातल्या एका नगरपालिकेनं गावाचा डेपो चालवायचं काम कंपनीला दिलं होतं आणि कंपनीनं ते माझ्याकडे. एरवी मी दर महिन्याला विमानानं जायचे, आठवडाभर जाड बूट घालून कचऱ्याच्या डोंगरावर हिंडायचे आणि परत यायचे. मग विमानंच बंद झाली. साइटवरचा मॅनेजर सुट्टीला घरी गेला होता, तो तिकडेच अडकला. डेपोवर उरले ड्रायव्हर, मजूर आणि बिकानेरकडचा एक फोरमन. इकडे मी, लॅपटॉप आणि त्यावर दिसणारी कॅमेऱ्यांची चित्रं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी फोरमनला हिंदीत समजावून सांगायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ऊँट तो इधर सचमुच खड़ा है, जाली के पास।" होताच. जाळीला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खायला उंट यायचे, आणि त्यांना हाकलणं हे आमचं रोजचं एक काम होतं.

कोरड्या हवेतला कचरा ही जातच वेगळी. पुण्यात कचरा कुजतो, गळतो, वास मारतो. तिथं तो वाळतो. कलिंगडाची साल चामड्यासारखी होते. जुना थर उकरला तर कुठल्या तरी वर्षीचं वर्तमानपत्र निघतं आणि ते वाचताही येतं. पाऊसच नाही, त्यामुळे डच माणूस ज्याला झोपेतही घाबरतो ते पाणी तिथं शत्रू नाही. शत्रू दोन, वारा आणि आग. वाऱ्यासाठी उंच जाळ्या लावायच्या आणि ट्रक रिकामे करायची उघडी जागा होईल तितकी लहान ठेवायची. आगीसाठी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या कचऱ्यावर वाळूचं पांघरूण घालायचं. माझ्या आधी ती उघडी जागा फुटबॉलच्या मैदानाएवढी असायची. मी ती शाळेच्या वर्गाएवढी केली. ड्रायव्हर कुरकुरले, फोरमनला मी वेडी वाटले. मग वाऱ्याचा मोसम आला आणि गावावर एकही पिशवी उडत गेली नाही. नगरपालिकेच्या साहेबानं फोन करून विचारलं, "तुम्ही डेपो बंद तर नाही ना केला?" एवढं कौतुक माझं शाळा-कॉलेजातही कुणी केलं नव्हतं.

आता आई. आई पुण्याच्या महानगरपालिकेत झाडणकामाला होती. पहाटे कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या ठाण्यावर, हजेरी, मग खराटा आणि ढकलगाडी, आणि शेवटची काही वर्षं थेट कचरा डेपोवर. कामाची साडी तिनं कधी घरात आणली नाही, ती कोठीतच खुंटीवर असायची. आणि तरीही घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ती मला जवळ येऊ द्यायची नाही. मी दारात उभी राहायची आणि ती मोरीतून ओरडायची, "थांब जरा, माणसात येऊ दे मला."

महापालिकेत एक रीत आहे. सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळते. वारसा लावणं म्हणतात त्याला. पक्की नोकरी, पगार, पेन्शन. वस्तीत वारशावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात. आईनं माझा वारसा लावला नाही. मुकादम घरी येऊन समजावून गेला, मावश्यांनी कपाळाला हात लावले. आई म्हणाली, "खराटा माझ्यापाशी आला, माझ्यापाशीच संपला. पुढं जाणार नाय." आणि विषय मिटला.

मग मी काय केलं, तर इंजिनियर झाले, परदेशात जाऊन पुन्हा शिकले आणि बरोब्बर कचऱ्यात जाऊन बसले. का, असं पुष्कळांनी विचारलं. डेपो नीट चालवता येतो, आणि तो नीट चालला असता तर माझ्या आईला तिथल्या धुरानं दम लागायचा तो लागला नसता, हे मला फार लहानपणी कळलं होतं. त्याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. आईला सगळं ठाऊक होतं. लोकांना मात्र ती सांगायची, "पर्यावरणात आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ते सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही, आणि मला ते लागायचं.

ती फेब्रुवारीत माझ्याकडे आली, दोन महिने राहून जायला. मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. माझं घर म्हणजे एक झोपायची खोली आणि एक बाकीची. त्या बाकीच्या खोलीत एकच टेबल, आणि त्या टेबलावर माझा डेपो. आईनं पहिल्या दिवशी पडद्यावर एक नजर टाकली. वजनकाट्यावर कचऱ्याचा ट्रक उभा होता. तिनं खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून लसूण सोलायला बसली. पुढे बरेच दिवस ती तशीच बसली. माझं तोंड वाळवंटाकडे, तिचं खिडकीकडे.

खिडकीत मात्र तिची करमणूक होती. आमच्या रस्त्यावर कचऱ्याचे डबे जमिनीखाली पुरलेले. वर फक्त एक पेटी दिसते. ठरलेल्या दिवशी गाडी येते, तिची क्रेन ती पेटी उचलते आणि खालून खोलीएवढा डबा जमिनीतून वर येतो. गाडीत एकटा ड्रायव्हर. आई त्या दिवशी सकाळपासून तयार असायची. "एकच माणूस! हात पण लावत नाय बघ कशाला," ती म्हणायची. कुणीतरी त्या पेटीवर लहान मुलानं काढलेलं चित्र चिकटवलं होतं, कचरागाडीचं, खाली धन्यवाद लिहिलेलं. आईनं मला वाचायला लावलं.  मग म्हणाली, "आमच्या गाडीवर पोरं दगड मारायची."

आणि ह्याच काळात मला इथल्याच नायमेखन शहरातून एक नोकरी चालून आली. कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात, तिथल्या अतिशुद्ध पाण्याचं काम. आईला मी गमतीनं सांगितलं की तिथं पांढरा सूट घालून आत जावं लागतं, धुळीचा कण चालत नाही. तिचे डोळे असे चमकले, की मला गंमत केल्याचा पश्चात्ताप झाला. त्या दिवसापासून तिचं एकच टुमणं. "कण चालत नाय म्हणतात. बघ की. किती स्वच्छ असंल." कोथिंबीर निवडताना तेच, साडी वाळत घालताना तेच. फोनवर ती मैत्रिणींना सांगून मोकळीही झाली. उत्तर चौदा एप्रिलच्या जयंतीच्या सुमारास द्यायचं होतं. मला जायचं नव्हतं. पण जिनं माझ्यासाठी वारशाची पक्की नोकरी वाऱ्यावर सोडली, तिला हे तोंडावर कसं सांगायचं, एवढं एकच कोडं मला त्या वसंतात सुटत नव्हतं. मला तिचं ऐकायचं नव्हतं आणि तिला दुखवायचंही नव्हतं. दोन्ही एकदम जमत नाही.

त्यात डेपोला आग लागली.

आग वर दिसत नव्हती. जुन्या उतारावर, जिथं कचरा टाकणं संपलं होतं, तिथं आमच्या कंपनीच्या डच साहेबानं माझ्या आधीच्या काळात चिकणमातीचं झाकण घातलं होतं आणि आत गॅस ओढून घेणाऱ्या नळ्या बसवल्या होत्या. हॉलंडमध्ये असंच करतात. ओला कचरा कुजतो, गॅस होतो, तो पंपानं ओढून घेतात, आणि वर चिकणमाती पाणी आत जाऊ देत नाही. पण वाळवंटात चिकणमाती वाळली आणि तिला टाचेसारख्या भेगा पडल्या. कचरा कुजत नव्हता, गॅस थोडा होता, आणि पंप मात्र इथल्यासारखाच जोरात ओढत होता. गॅस नाही तर काय ओढणार? भेगांतून हवा. हे मी दोनदा सांगितलं होतं. साहेब चांगला माणूस, पण पाण्याशी भांडत वाढलेला. त्याच्या डोक्यात उकिरडा म्हणजे ओला उकिरडा. "बघू, बोलू," म्हणाला होता.

त्या सकाळी नळ्यांमधलं तापमान चढलेलं दिसलं. मी फोरमनला उतारावर पाठवलं. त्यानं फोनचा कॅमेरा लावला. माती एका जागी खाली बसली होती आणि भेगेतून बारीक धूर येत होता. "मॅडम, नीचे जल रहा है," तो म्हणाला आणि खोकला. परत खोकला.

पाठमोरी आई थांबली. "कोण खोकतंय गं?"

"फोरमन आहे साइटवरचा."

"हा तापाचा नाय. धुराचा आहे." तिनं सुरी खाली ठेवली. "माणसं कुठं राहतात तिथली?"

मी नकाशा उघडला, खरं तर मला तो पाठ होता. मजुरांच्या खोल्या उताराच्या पलीकडे. साथीमुळे त्यांच्या फाटकाला बाहेरून कुलूप होतं, कामाची पाळी सोडून कुणाला बाहेर पडायची परवानगी नव्हती. दुपारनंतर वारा रोज त्याच दिशेला वळायचा. प्लास्टिक, टायर, औषधं, काय काय त्या पोटात होतं ते मला ठाऊक होतं. त्यात अर्ध्या खोल्यांमध्ये आधीच ताप होता. आग फुटून वर आली असती, तर ती माणसं कुलपाआड धूर गिळत बसली असती.

मी साहेबाला व्हिडिओवर गाठलं. तो आपल्या गावातल्या घरी, मागे कालवा, बदकं. तो म्हणाला, "पाणी. टँकर आहेत ना? पाणी मारा. आणि दुपारी सगळे बसून बोलू." डचांची ही रीत आहे, काहीही करण्याआधी सगळ्यांनी बसून बोलायचं, शेवटच्या माणसाचं समाधान होईपर्यंत. देश समुद्रातून वर काढला तो ह्याच रीतीनं, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. पण समुद्र वाट बघतो. आग बघत नाही.

मी म्हणाले, "पाणी नाही. पाणी एका भेगेतून खाली वाहून जाईल, आगीला शिवणारही नाही, वरची माती मात्र धुऊन नेईल. आपण पंपानं तिला हवा पाजतोय. मी पंप बंद करतेय."

"मीटिंगमध्ये ठरवू," तो म्हणाला.

"मीटिंगमध्ये सांगेन," मी म्हणाले, आणि बटण दाबलं. वाळवंटातला पंप युट्रेख्टच्या टेबलावरून बंद झाला. साहेबाचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. माझा इथं राहायचा परवाना ह्याच नोकरीवर होता, हे मला तेव्हा आठवलं. आठवलं आणि मी ते बाजूला सारलं.

मग आम्ही वाळू घातली. साधी वाळू नाही, तिच्यातून हवा जाते. जवळच्या सुक्या ओढ्यातली बारीक, मातकट वाळू. येणारे ट्रक दुसरीकडे वळवले. डोझरच्या ड्रायव्हरला बजावलं की खचलेल्या जागेवर चढायचं नाही, खाली पोकळ असेल. कडेकडेनं माती पुढे ढकलत न्यायची आणि दाबायची. फोरमन माझे डोळे झाला. "थोडा लेफ्ट, भैया, और लेफ्ट," असं मी ओरडायची, तो डोझरवाल्याला ओरडायचा, आणि पडद्यावर धुळीखेरीज काही दिसायचं नाही. नगरपालिकेच्या साहेबाला फोन करून मी मजुरांच्या फाटकाचं कुलूप काढायला लावलं. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हणाले, "मग नियमाला त्या खोलीत झोपवा." मला असं बोलता येतं हे मलाच नव्यानं कळलं. संध्याकाळपर्यंत माणसं गावातल्या एका रिकाम्या शाळेत हलवली.

ह्या सगळ्या गडबडीत कधीतरी माझ्या लक्षात आलं, की आईची खुर्ची फिरली आहे. ती माझ्या शेजारी बसली होती, पडद्याकडे तोंड करून, हातात माझा दुसरा फोन. त्यावर फोरमन होता. आई तिच्या पुणेरी हिंदीत त्याला विचारत होती, "भैया, तुम लोगने कुछ खाया क्या? तोंड पे ओला फडका बांधो. ओला, ओला. गिल्ला!"

"जी माताजी," फोरमन म्हणाला. मला तो कधी इतक्या नम्रपणे 'जी' म्हणाला नव्हता.

पुढचे काही दिवस आम्ही तापमानाकडे बघत जगलो. भेग पडली की माती, परत भेग, परत माती. आई सकाळी उठून चहाच्या आधी विचारायची, "किती ताप आहे?" आणि मी घरातल्या आजाऱ्याचा सांगावा तसा सांगायची. साहेबानं मीटिंग घेतली, सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला की पंप बंद ठेवावा असं सर्वानुमते ठरलं आहे.  हळूहळू आकडे उतरायला लागले. एक दिवस फोरमननं उतारावर उभं राहून कॅमेरा सगळीकडे फिरवला, सपाट, पिवळी, गप्प वाळू. माणसं खोल्यांत परतली. त्यांतल्या एकालाही धूर लागला नव्हता. साहेबाचा फोन आला. "वाईट नाही," तो म्हणाला. डच माणूस ह्यापुढे जात नाही, तेव्हा ते मी पुरेपूर घेतलं.

मला अभिमान वाटला. अजून वाटतो. माणसं पूल बांधतात, त्यावर नावाची पाटी लागते. मी एक आग वर फुटू दिली नाही, तिची पाटी लागत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

जयंती दोनच दिवसांवर होती. हॉलंडभर पसरलेली आपली माणसं दरवर्षी एखादा हॉल घेऊन जमतात, त्या वर्षी सगळं ऑनलाइन. त्याच टेबलावर मी डेपो बंद करून कार्यक्रम लावला. आई निळ्या काठाची पांढरी साडी नेसली, तिनं फोटोला ट्यूलिपचा हार घातला, कारण झेंडू मिळाला नाही. वंदना झाली, लहान मुलांची भाषणं झाली, अर्धी मराठी अर्धी डच. मग सूत्रसंचालन करणारी उइटहॉर्नची एक बाई म्हणाली की भारतातून आलेल्या आणि इथं अडकलेल्या आयांनी चार शब्द बोलावेत. पडद्यावर चौकटीच चौकटी. कुणी कंपनीत, कुणी विद्यापीठात, सगळे कसे नीटनेटके. मी आईचा माइक सुरू केला.

बाई म्हणाली, "काकू, तुमची मुलगी नायमेखनला जाणार म्हणे? चिपच्या कंपनीत? आमच्या कानावर आलंय."

 मी आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

आई खाकरली. पदर नीट केला. "नाय जाणार ती," ती म्हणाली. "तिचा इथं डेपो आहे. तो कोण बघणार?"

"डेपो म्हणजे?"

"कचरा डेपो. माझी मुलगी कचरा डेपो चालवते. वाळवंटातला. परवा आग लागली होती आतून, हिनं विझवली. इथं बसून. माणसं वाचवली हिनं." तिनं माझ्याकडे बघितलं, सरळ, चांगलं बघितलं आणि परत पडद्याकडे वळली. "मी पुण्याच्या महापालिकेत झाडायला होते. सगळी नोकरी झाडूच मारला. मी हिला वारसा लावला नव्हता. नको म्हणले होते. हिनं तो स्वतःच लावून घेतला, आणि माझ्यापेक्षा बरा चालवला."

 सगळ्यांचे माइक बंद होते. मग कोपऱ्यातल्या एका चौकटीतला, मागे पुस्तकांचं कपाट असलेला एक तरुण माणूस पुढे झुकला, त्यानं माइक सुरू केला आणि म्हणाला, "माझी आई पण, काकू. नागपूर. कोठीवरच."  मग आणखी एक माइक सुरू झाला. मग आणखी एक.

मी आमचा कॅमेरा बंद केला. मला रडायचं होतं, आणि ते चारचौघांत कशाला. आईनं कोपरानं मला ढोसलं. "चालू कर की," ती म्हणाली. "बोलतायत ना सगळे."